गाडी कवा सुरू होते, भाऊ?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय जरा विचित्र वाटेल. एक भुताचा वाडा आणि एक रेल्वे लाईन. वाडा अमेरिकेतला, लाईन आमच्या अकोटची. दोघांचा संबंध काय, असं विचाराल. संबंध एवढाच, की दोन्हीकडे लोकांनी साधारण सहा-सहा वर्षं एकच प्रश्न विचारला, "सुरू कधी होणार?"

आधी वाड्याची गोष्ट सांगतो. वॉल्ट डिस्नेने कॅलिफोर्नियात डिस्नेलँड बांधलं ते फक्त एका वर्षात. जुलै १९५४ मध्ये काम सुरू झालं आणि १७ जुलै १९५५ ला दारं उघडली. संत्र्याच्या बागा होत्या तिथे वर्षभरात किल्ला, नदी, आगगाडी सगळं उभं! (आमच्याकडे संत्र्याच्या बागा भरपूर आहेत, एवढंच साम्य.) एकदा असा वेग पाहिला की लोकांना पुढचं सगळं त्याच वेगाने हवं असतं. तिथे 'हॉन्टेड मॅन्शन' नावाचा भुताचा वाडा करायचं ठरलं. वाड्याचं बाहेरचं बांधकाम १९६३ मध्ये तयार झालं. रंग दिला, खिडक्या लागल्या. आत काहीच नाही! कारण आतली करामत करणारी माणसं न्यूयॉर्कच्या १९६४ च्या जागतिक प्रदर्शनाच्या कामाला लावली होती. मग डिसेंबर १९६६ मध्ये खुद्द डिस्ने वारला. वाडा लोकांसाठी उघडला तो ऑगस्ट १९६९ मध्ये. म्हणजे सहा वर्षं येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या कुलूपबंद वाड्यासमोर उभा राहून चिडत होता.

अशा बागांचे भक्त आजही असेच चिडतात. नवीन पाळण्याच्या, नवीन घसरगाडीच्या कामाभोवती पत्र्याचं कुंपण लागलं की ते दर आठवड्याला जाऊन फोटो काढतात. खांब किती वाढले, क्रेन हलली का, मजूर दिसले का, याचा हिशोब ठेवतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं होतं. खेळण्यासाठी एवढं? मग लक्षात आलं की आमच्या अकोटात आम्ही वेगळं काय केलं? रुळाच्या कडेला खडी पडली की बातमी. स्लीपर आले की बातमी. इंजिन नुसतं चाचणीला आलं तरी पोट्टे सायकली घेऊन पळत.

नवीन वाचकांसाठी थोडा भूगोल. अकोट हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, अकोल्याच्या उत्तरेला साधारण पंचेचाळीस किलोमीटर, सातपुड्याच्या पायथ्याशी. मधून पूर्णा नदी वाहते. वर डोंगरात नरनाळ्याचा किल्ला. गाव कापसाचं, आणि एके काळी सतरंज्यांचंही. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६० च्या दशकात वऱ्हाडात शिरली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. तिला वऱ्हाडचा कापूस हवा होता. पण लाईन गेली शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी. अकोट उत्तरेला राहिलं. आमच्या कापसाच्या गाड्या बैल जुंपून पूर्णा ओलांडत अकोल्याला जात राहिल्या.

आता हे बघा. अकोल्याला गाडी आली १८६० च्या दशकात आणि अकोटला आली १९६० च्या सुमारास. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं! आम्हाला दिरंगाईची सवय तेव्हापासूनची. घरातले एक काकाजी म्हणायचे, "येईन तवा येईन बाप्पा. लाईन का कोनाच्या बापाची वाट पायते?"

आणि आली तीसुद्धा अकोटसाठी आली नव्हती. भारतात मीटरगेजची दोन मोठी जाळी होती. उत्तरेला राजस्थान-माळव्याकडून येणारी लाईन खांडव्यापर्यंत पोचलेली. दक्षिणेला निजामाच्या राज्यातून आलेली लाईन पूर्णा जंक्शनवरून हिंगोलीपर्यंत. (हे पूर्णा म्हणजे परभणीकडचं, आमची नदी वेगळी.) मधला तुकडा रिकामा होता. खांडवा ते हिंगोली हा सांधा स्वातंत्र्यानंतर जोडला, तेव्हा वाशीम, अकोला, अकोट असं करत छोटी लाईन सातपुडा चढून निमाडात उतरली. उत्तरेचं मीटरगेज दक्षिणेच्या मीटरगेजला जोडायचं होतं, त्या वाटेत अकोट आलं. असो. कशी का होईना, गाडी आली.

मग त्या लाईनीवरून मीनाक्षी एक्स्प्रेस धावू लागली. नाव मदुरेच्या देवीचं, पण गाडी जयपूर आणि हैदराबादच्या काचीगुडाची! राजस्थानी पागोटी आणि तेलंगणी लुंग्या एकाच डब्यात, आणि मध्येच आमचे लोक हरभऱ्याचं पोतं घेऊन चढायचे. लहानपणी मला जग म्हणजे केवढं ते या गाडीने सांगितलं. शाळेतल्या नकाशाने नाही.

पण खरी गंमत अकोटच्या पुढे होती. आडगाव यायचं. (१८०३ साली २९ नोव्हेंबरला इंग्रजांच्या वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला ते हेच आडगाव. इंग्रजी पुस्तकांत त्याचं 'आरगाव' झालंय.) मग हिवरखेड, मग वान रोड, आणि तिथून मेळघाटचं जंगल. धुळघाटच्या जवळ चढ एवढा की सरळ रूळ टाकले तर इंजिन दमणार. म्हणून बांधणाऱ्यांनी रूळ डोंगराभोवती गोल फिरवले. गाडी वळण घेत घेत वर चढते आणि थोड्या वेळापूर्वी आपण ज्या रुळांवरून आलो तेच रूळ खाली दिसतात! जिन्याने वर चढून खालच्या पायऱ्या बघाव्यात तसं. चढ कमी करायचा तर लांबी वाढवायची, एवढंच त्यामागचं गणित. पण खिडकीत बसलेल्या पोराला ते गणित नसतं कळत. त्याला वाटतं, आपली गाडी स्वतःच्याच शेपटीवरून चाललीय.

वऱ्हाडात तेव्हा कुठली आली हो मनोरंजन नगरी! जत्रेतला आकाशपाळणा वर्षातून एकदा. पुढे शेगावला आनंद सागर झालं, त्यात मुलांची झुकझुक गाडी आली, तेव्हा सगळा वऱ्हाड तिकडे लोटला. (ते नंतर काही वर्षं बंद राहिलं तेव्हा घरोघरी पोरांनी मोठ्यांना किती छळलं ते विचारू नका.) पण त्याच्या खूप आधीपासून धुळघाटचं वळण हा आमचा पाळणा होता. पॅसेंजरच्या तिकिटात मिळायचा. देशभरातले रेल्वेवेडे तो बघायला यायचे. आपल्याकडे १९८९ पासून 'इंडियन रेल्वेज फॅन क्लब' नावाची हौशी लोकांची मंडळी आहे, हे मला त्या लोकांमुळेच कळलं. गळ्यात कॅमेरा, हातात वेळापत्रक, आणि तोंडात इंजिनांचे नंबर. अकोटच्या फलाटावर लोक त्यांच्याकडे बघायचे आणि ते रुळांकडे.

१९९२ मध्ये रेल्वेने ठरवलं की देशभर शक्यतो एकच रुंदी ठेवायची. मीटरगेज म्हणजे दोन रुळांमध्ये १ मीटर अंतर, ब्रॉडगेज म्हणजे १.६७६ मीटर. रुंदी बदलली की डबे, इंजिन, माल सगळं अडतं. एका गाडीतून पोती उतरवा, दुसरीत भरा. त्यामुळे निर्णय चूक नव्हता. पूर्णा ते अकोला २००८ मध्ये ब्रॉडगेज झालं. मीनाक्षी त्याच सुमारास आमच्या मीटरगेजवरून गेली. रतलाम, महू, खांडवा, अकोला हा सुमारे ४७३ किलोमीटरचा टप्पाही २००८-०९ मध्ये मंजूर झाला. मंजूर झाला म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. शेवटी १ जानेवारी २०१७ पासून अकोला-खांडवा मीटरगेज बंद झालं. नवीन वर्षाचा पहिला दिवस आणि अकोटला गाडी नाही.

इथून पुढे मला जे सांगायचंय ते सुरू होतं. आपण 'दिरंगाई' हा एकच शब्द वापरतो. पण अकोटने तीन वेगवेगळ्या दिरंगाया पाहिल्या, आणि त्या तिन्हींवर आपण सारखेच चिडलो.

पहिली दिरंगाई कामाची. अकोला ते अकोट ४४ किलोमीटर. जुने रूळ उखडायचे, भराव रुंद करायचा, पूल नव्याने बांधायचे. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ज्याने वऱ्हाडात साधं घर बांधलंय त्याला ठाऊक आहे की पाया किती खोल न्यावा लागतो, नाहीतर चार वर्षांत भिंतीला तडा. त्यावर रेल्वे चालवायची तर माती दाबायला, बसायला वेळ द्यावाच लागतो. ही दिरंगाई मी तरी माफ करतो. घाईने घातलेल्या भरावावरून माझी म्हातारी आत्या प्रवास करणार असेल तर मला घाई नको.

दुसरी दिरंगाई वादाची. अकोटच्या पुढे लाईन मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जायची. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. जुन्या लाईनीचा चाळीस किलोमीटरच्या आसपासचा भाग त्या जंगलात. मीटरगेजची गाडी डुलत डुलत जायची, दिवसातून मोजक्या वेळा. ब्रॉडगेजवर वेग जास्त, गाड्या जास्त, मालगाड्या रात्रीच्याही. वन्यजीववाले म्हणाले, रूळ जंगलाबाहेरून वळवा. दुसरी बाजू म्हणाली, रूळ आधीपासून आहेतच, तेच रुंद करा, वळसा घातला तर अंतर आणि खर्च दोन्ही वाढेल. हा वाद दिल्लीपर्यंत गेला आणि नागपूरच्या खंडपीठातही गेला. २०१९ ते २०२२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या उद्धव ठाकरे यांनीही रेल्वेला मार्ग बाहेरून न्यायला लेखी कळवलं. शेवटी रेल्वेने वळसा मान्य केला. नवीन मार्ग हिवरखेडवरून सोनाळा, जामोद असा सातपुड्याच्या पायथ्याने जाऊन पुढे तुकईथडला जुन्या लाईनीला भेटणार.

अकोटच्या बाजारात या वादाबद्दल लोक काय बोलायचे ते ऐकलंय. "वाघाले गाडी पायजे का मान्साले?" असं. मला हा प्रश्न एवढा सोपा कधीच वाटला नाही. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं २००१ नंतर वाघासाठी जंगलाबाहेर आली. माणसं पिढ्यान्‌पिढ्यांचं गाव सोडून बाहेर आली आणि त्याच जंगलातून आपण रात्रीच्या मालगाड्या न्यायच्या? त्यांना काय सांगायचं? आणि उलटीकडूनही बघा. धुळघाट, डाबका या बाजूच्या कोरकू लोकांना ही छोटी लाईन म्हणजे दवाखाना होती, बाजार होती, मुलांचं शिक्षण होती. पावसाळ्यात रस्ता गेला तरी गाडी यायची. वळशाच्या मार्गाने त्यांना काही मिळालं नाही, आधी होतं तेही गेलं. वाघाची बाजू मांडणारे होते, अकोटच्या व्यापाऱ्यांची बाजू मांडणारे होते. धुळघाटच्या फलाटावर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईची बाजू मांडताना मी फार कमी लोक पाहिले.

आम्हा हौशी लोकांचं म्हणाल तर आमचं दुःख सगळ्यात हलकं. धुळघाटचं गोल वळण आता परत येणार नाही. ज्याची वाट पाहत होतो ते येणारच नाही, दुसरंच काहीतरी येणार. वाईट वाटतं. पण जिथे वाघ, कोरकू आणि कापूस तिघांचा प्रश्न आहे तिथे माझ्या खिडकीच्या गमतीने चौथा पाट मांडून बसू नये, एवढं मला कळतं. हा वाद व्हायलाच हवा होता. त्यात वर्षं गेली ती पूर्ण वाया गेली असं मी म्हणणार नाही.

आता तिसरी दिरंगाई. अकोला-अकोट टप्प्याचे रूळ तयार झाले. २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणीही झाली. रूळ आहेत, स्टेशन आहे, फलाट आहे. गाडी नाही! मान्य, तेव्हा करोना होता, देशभरातल्याच गाड्या थांबल्या होत्या. पण नंतर बाकीच्या गाड्या सुरू झाल्या तरी अकोटचे रूळ रिकामेच. इथे वाघाचा वाद नव्हता, काळ्या मातीचा प्रश्न उरला नव्हता. नवीन रुळांना गंज चढू लागला, गाववाले त्यावरून शेतात जाऊ लागले. कुत्री दुपारी स्लीपरच्या सावलीला झोपायची.

मग ऑक्टोबर २०२२ मध्ये काय झालं? अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामला पूर्णेवर इंग्रजांच्या काळातला पूल आहे. श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराला जलाभिषेक करायला कावडवाले इथूनच पूर्णेचं पाणी खांद्यावर नेतात. त्या पुलाला तडे गेले आणि तो वाहतुकीला बंद करावा लागला. अकोटचा अकोल्याशी सरळ रस्ताच तुटला. नोकरदार, दवाखान्यात जाणारे, कॉलेजची मुलं सगळी लांबच्या वळशाने. मग मात्र चक्रं फिरली. २३ नोव्हेंबर २०२२ ला अकोला-अकोट गाडी सुरू झाली. गाडी बंद झाल्यापासून पाच वर्षं आणि जवळजवळ अकरा महिन्यांनी.

म्हणजे रूळ तयार होते, त्यावर गाडी आणायला पूल खचावा लागला! ही तिसरी दिरंगाई. तिच्यात ना अभियांत्रिकी आहे ना तत्त्व. नुसतं कोणालातरी ते महत्त्वाचं वाटलं नाही, एवढंच. राग यायचा तर हिच्यावर यायला हवा.

पण गोम अशी आहे की बाहेरून पाहणाऱ्याला या तिन्ही दिरंगाया सारख्याच दिसतात. रिकामे रूळ ते रिकामे रूळ. माती बसायची वाट बघताहेत, का न्यायालयाची तारीख पुढे गेली, का फाईल कुठल्यातरी टेबलावर पडलीय, हे अकोटच्या माणसाला कसं कळावं? त्याला फक्त तारखा कळल्या. येत्या दिवाळीत. येत्या मार्चमध्ये. अधिवेशनानंतर. कारण कळलं नाही की माणूस सगळ्यात वाईट कारण धरून चालतो, आणि मग ज्याला माफ करायचं त्याच्यावरही चिडतो. वाघ उगाच बदनाम झाला तो असा. अकोल्याहून अकोटला येणारी गाडी वाघामुळे अडलीय असं सांगणारे महाभाग मला भेटलेत. अहो, त्या टप्प्यात वाघ कुठून येणार? चोहोट्ट्याच्या बाजारात वांगी घ्यायला?

हे फक्त अकोटचं नाही. आमच्याच शेजारची शकुंतला आठवा. अचलपूर, मूर्तिजापूर, यवतमाळ अशी जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, किलिक निक्सन कंपनीच्या काळापासूनची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलेलं. तीसुद्धा बंद झाली, तीसुद्धा ब्रॉडगेज होणार असं सांगितलं गेलं, आणि अचलपूरचे लोकही तोच प्रश्न विचारत बसले. वऱ्हाडात माणसं एकमेकांना 'काय म्हन्ता, पानी कवा?' असं विचारतात, त्याच सुरात 'गाडी कवा?' असंही विचारतात. दोन्ही जणू आभाळातूनच यायच्या आहेत. पण पाऊस आभाळातून येतो, गाडी नाही. गाडी माणसं आणतात आणि माणसंच अडवतात. हा फरक आपण विसरलो की दुसऱ्या बाजूचं फावतं.

डिस्नेच्या त्या बंद वाड्याबाहेर त्या लोकांनी एक पाटी लावली होती. मजकूर गमतीचा होता, वाड्यात राहायला भुतं हवी आहेत, निवृत्त भुतांनी अर्ज करावेत, अशा अर्थाचा. त्या पाटीने वाडा लवकर उघडला नाही. पण येणाऱ्याला एवढं कळत होतं की आत काहीतरी व्हायचंय आणि कोणालातरी आपण वाट पाहतोय हे माहीत आहे. मला अकोटच्या फलाटावर गंमत नकोय. साधी पाटी हवी. अकोट ते खांडवा, कोणत्या टप्प्याचं काम कुठे आलंय, कशामुळे थांबलंय, कोणाच्या सहीसाठी थांबलंय. दर तीन महिन्यांनी खडूने बदला. खडूचा खर्च मी देतो, हवं तर!

हे लिहितोय तेव्हा अकोटच्या पुढे खांडव्यापर्यंत गाडी जात नाही. नव्या वळशाच्या मार्गाचं काम आहे, ते होईल. जामोद-सोनाळ्याकडच्या ज्या गावांनी कधी रेल्वे पाहिली नाही त्यांच्याकडे गाडी येईल, आणि तिथलं एखादं पोर खिडकीत बसून सातपुडा पाहील. त्याला धुळघाटच्या वळणाची आठवण असणार नाही आणि त्याचं काही बिघडणारही नाही. तोपर्यंत ज्यांनी ज्यांनी या लाईनीवर प्रवास केलाय, त्यांनी, विशेषतः घरच्या मंडळींनी, जे आठवतं ते लिहून ठेवा. कुठल्या स्टेशनवर काय विकायला यायचं, धुळघाटला कोरकू बाया काय आणायच्या, हिवरखेडला गाडी किती वेळ थांबायची. मामांकडे जुनी पुठ्ठ्याची तिकिटं आहेत असं ऐकलंय. मामा, रद्दीत देऊ नका, पुढच्या खेपेला मी घेऊन जाईन.